निळा कुर्ता कुणाचा?

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर दोघी शेजारीशेजारी बसत. थोरलीला या कामावर पंधरा वर्षं झाली होती, नवीला जेमतेम पाच महिने. पण पेशंट नवीकडे बघून हसत आणि थोरलीपुढे नुसता कागद सरकवत. थोरलीच्या मते याचं कारण एकच, नवीचे कपडे! त्यातही तो निळा कुर्ता दिसला की थोरलीच्या पोटात दुखायला लागे.

घरी हिचं कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळत आणि घालायला एक धड मिळत नसे. तरी आणखी चार आणले. जळफळाट काही कमी होईना. शेवटी एकदा ती सिस्टरच्या कानाशी लागली, "एवढ्याशा पगारात ही थेरं कुठून येतात, विचारा जरा!" दोन दिवसांत सगळा दवाखाना कुजबुजू लागला, आणि नवी एकटीच डबा खाऊ लागली.

थोरली मात्र शिवणकाम करणाऱ्या मावशीकडे गेली.

"आमच्या खिडकीवरच्या नवीसारखाच निळा कुर्ता मला शिवून दे."

मावशीने मशीन थांबवलं. "अगं, तो तुझाच आहे. खिशावर शाई सांडली म्हणून चिंध्यांत टाकायला दिला होतास ना? तिने मागून घेतला. मी खिसा काढला, बाजू दोन बोटं आत घेतल्या, झालं."

"माझा?"

"तिचे कपडे सहाच आहेत. महिन्याला एक घेऊन येते आणि नीट करून नेते. तुझ्या ढिगातले तुला किती बसतात गं?"

आपण कुणाचं नाव खराब केलं, हे आठवून थोरलीला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने सिस्टरला सर्वांसमोर सांगितलं, "मी बोलले ते खोटं होतं. मी जळत होते तिच्यावर." मग डबा घेऊन ती नवीसमोर बसली आणि हळूच म्हणाली, "तो निळा कुर्ता..."

"तुमचा. मावशींनी तेव्हाच सांगितलं होतं मला," नवी म्हणाली. "कामाच्या पहिल्या दिवशी मुद्दाम तोच घातला होता. वाटलं, तुम्ही ओळखाल, मग आपली ओळख होईल."

वाचकहो, कपाट सुधारायचं तर बाजारात धावू नका. आहे त्यातला एक कपडा काढा, नीट करा, मग दुसरा घ्या. आणि दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्यावर जळण्याआधी आपण काय काय टाकून दिलं, ते एकदा आठवा. त्या संध्याकाळी थोरली मावशीकडे गेली ती एकच कपडा घेऊन, आणि सोबत नवी होती.