पांढऱ्या रेघेवरचे टेबल

मित्रांनो, माझ्या पाठीवर सुरीचे इतके वार आहेत की नवख्या माणसाला वाटावे, याच्याशी कोणाचे तरी जुने वैर असणार. तसे काही नाही. मी एका छोट्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातले, भाज्या चिरायचे जुने टेबल आहे. हे वार रोजच्या कामाचे आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. माझा मागचा डावा पाय मात्र कामात मोडला नाही. तो मोडला त्या दिवसाबद्दल मी फारसे बोलत नाही. आज बोलते.

जन्माने मी दार होते. एका गोदामाचे जाड, जड दार. गोदाम पाडले तेव्हा एका सुताराने मला उचलून आणले आणि चार दिवस माझ्याशी झटापट केली. करवतीचे दात गेले म्हणून तो मला शिव्या घालायचा आणि मग त्याच हाताने थोपटायचाही. हॉटेलच्या मालकांनी मला घेतले. मी आत जाईना, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराची चौकट काढावी लागली. मालक हसून म्हणाले होते की आता हे काही बाहेर पडत नाही.

काही वर्षांनी मालकच गेले. एका सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळे संपले. त्यानंतर गल्ल्यावर त्यांची बायको बसू लागली आणि स्वयंपाकघर मालकांच्या धाकट्या भावाने सांभाळले. गल्लीत तिला मालकीणबाई म्हणत आणि त्याला आचारी. एकमेकांना ती दोघे भावजी आणि वहिनी म्हणत. एकमेकांचा शब्द सहसा मोडत नसत.

आचारी चव घेऊन स्वयंपाक करत नसे. तो नाकाने स्वयंपाक करायचा. पातेल्यावर वाकायचा, डोळे मिटायचा, एक श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, मीठ कमी आहे. खरेच कमी असायचे. गिऱ्हाइके सुपाची वाटी चाटूनपुसून साफ करत आणि आतल्या खिडकीतून त्याला हात दाखवत. रात्रीची आवराआवर झाली की तो मला मीठ आणि लिंबाने घासायचा. माझे इतके लाड कोणी केले नाहीत.

मग तो आजार आला. तुम्हालाही आठवत असेल. आधी बातम्यांत आला, मग पलीकडच्या रस्त्यावर आला आणि एके दिवशी सगळी दारे बंद झाली. हॉटेलचे शटर खाली आले ते कित्येक महिने वर गेलेच नाही. माझ्यावर धूळ बसली. मालकीणबाई आणि आचारी कधीमधी मागच्या दाराने यायचे, माझ्या दोन टोकांना बसायचे आणि काही न बोलता परत जायचे. आमच्या गल्लीत सहा हॉटेले होती. त्यांतल्या दोघांनी पाटीच उतरवली.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा एक फर्मान निघाले. आत बसून जेवायला बंदी कायम होती, पण उघड्यावर चालणार होते. कोणाला हवे असेल तर गल्ली दिवसभर गाड्यांना बंद करून रस्त्यात टेबले मांडता येतील आणि रोज संध्याकाळी पाच ते दहा तिथे जेवण वाढता येईल, असे त्यात होते. थंडी पडेपर्यंतच. समोरच्या बेकरीवाल्याने ही गोष्ट मनावर घेतली. घरोघर फिरून त्याने सह्या गोळा केल्या आणि परवानगीच्या साहेबांना घेऊन आला.

साहेबांनी खडूने रस्त्यावर चौकोन आखले. दोन चौकोनांत दोन मीटर अंतर. मग त्यांनी सगळ्यांना उभे करून अट वाचून दाखवली. कोणत्याही हॉटेलातला एक जरी माणूस आजारी निघाला, तरी सगळी गल्ली बंद. सहाच्या सहा चुली विझल्यात जमा, असे बेकरीवाला पुटपुटला. चारच राहिल्यात, असे कोणीतरी त्याला सांगितले. कोणी हसले नाही. सगळ्यांनी सह्या केल्या.

टेबले कमी पडत होती, म्हणून पुन्हा चौकट निघाली आणि चौघांनी मला उचलून रस्त्यात आणले. मित्रांनो, टेबल झाल्यापासून मी आकाश पाहिलेच नव्हते. मला रस्त्याच्या अगदी मधोमध, पांढऱ्या रेघेवर उभे केले, माझ्यावर चादर घातली आणि दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवल्या. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी अडथळे लागले. ज्या रेघेवरून रोज गाड्या जायच्या, तिथे आता लोक बसून पाव मोडत होते.

आनंद होता. नव्हता असे मी म्हणणार नाही. पण मोठ्या रस्त्यावरून रुग्णवाहिकेचा आवाज आला की सगळ्या टेबलांवरचे चमचे एकदम थांबायचे. आवाज लांब जाईपर्यंत कोणी घास गिळायचे नाही. मग कोणीतरी पाणी मागायचे आणि बोलणे पुन्हा सुरू व्हायचे. रोज हा आवाज एकदा तरी यायचाच. पुढे पुढे दोनदा यायला लागला.

माझ्याकडे ठरलेले गिऱ्हाईक होते. घड्याळवाल्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मास्तर राहत. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, छाती नाजूक. बेकरीवाल्याला पाढे त्यांनीच शिकवले होते. कितीतरी महिने ते खाली उतरले नव्हते. पहिल्या संध्याकाळी जिन्यावरून उतरायला त्यांना बराच वेळ लागला आणि सगळ्यांत जवळ मी होते, म्हणून ते माझ्यापाशी बसले. मग रोजच बसू लागले. त्यांना ऐकू कमी यायचे. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणे समजून घेत. मास्क लावलेली माणसे त्यांना बंद दारासारखी वाटत असावीत. मालकीणबाईंना ते म्हणाले होते की सहा महिन्यांत मी कोणाचा एक शब्द ऐकलेला नाही.

अकराव्या दिवशी, सोमवारी, दुपारी आचारी माझ्यावर कांदा चिरत होता. चादर घालायला अजून वेळ होता. त्याची सुरी मध्येच थांबली. त्याने कांद्याची फोड नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग लसूण ठेचला आणि ओंजळीत घेऊन हुंगला. आत जाऊन व्हिनेगरची बाटली आणली, झाकण काढले आणि तोंड बाटलीत घालावे तसा वाकला.

नंतर त्याने दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. ते घामाने भिजले होते. पलीकडे बेकरीवाला पुसट झालेले चौकोन खडूने पुन्हा गिरवत होता, गुणगुणत होता. आचारी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बाटलीचे झाकण लावले आणि उरलेला कांदा चिरून टाकला.

त्या संध्याकाळी त्याने मालकीणबाईंना सुपाचे मीठ बघायला सांगितले. असे त्याने कधीच सांगितले नव्हते.

"भावजी, आज माझी परीक्षा घेताय का?" त्या हसल्या.

तोही हसला. एकावर एक दोन मास्क लावून तो आत गेला आणि बाहेर येईनासा झाला. मला बोलता येत नाही याचे वाईट मला त्या दिवशी जितके वाटले, तितके पूर्वी कधीच वाटले नव्हते.

मंगळवारी मास्तरांनी त्याची चौकशी केली. आचारी दिसत नाही, आमच्यावर रागावला की काय? मालकीणबाईंनी आत निरोप दिला. तो टाळत राहिला, पण मास्तर जेवण संपवून बसूनच राहिले आणि शेवटी त्याला यावे लागले. तो माझ्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. मास्तरांनी खुर्चीकडे बोट केले. तो काहीतरी बोलला. मास्तरांनी कानाला हात लावून मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. तो पुन्हा बोलला. मास्तर उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

आचाऱ्याने इकडेतिकडे पाहिले आणि मास्क खाली घेतला.

दोघे बोलत बसले, चहाचा एक कप संपेपर्यंत. मास्तर भलतेच खूश होते. सूप पूर्वीपेक्षा थोडे खारट झाले आहे, अशी त्यांनी गंमतही केली. आचारी बोलताना तोंड दुसरीकडे वळवायचा आणि मास्तर दर वेळी त्याच्या ओठांसमोर यायचे.

गुरुवारी दुपारी चुलीजवळचे फडके पेटले. फार नाही, कोपऱ्याने धुमसत होते. आचारी त्याच्या शेजारीच पाठ करून उभा होता. जळका वास पार रस्त्यावर माझ्यापर्यंत आला, पण तो पाव कापत राहिला. मालकीणबाई बाहेर खुर्च्या पुसत होत्या. त्या धावत आत गेल्या, फडक्यावर पाणी ओतले आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्या त्याला बाहेर घेऊन आल्या, माझ्यापाशी. खाली पडलेली कांद्याची फोड उचलून त्यांनी त्याच्या नाकासमोर धरली.

त्याने वास घेतला आणि मान हलवली.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"ताप?"

"काल जरासा होता. वहिनी, मी सांगितलं असतं तर सगळी गल्ली बंद पडली असती."

मालकीणबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्यांनी दुसरे काही विचारले नाही. एवढेच विचारले की मास्तरांजवळ मास्क काढला होता का. त्याने मान खाली घातली.

साडेचार वाजले होते. गल्लीत सगळीकडे चादरी अंथरल्या जात होत्या. मालकीणबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगून टाकले. कोणी आरडाओरडा केला नाही. तो झाला असता तर बरे, असे मला वाटले. बेकरीवाल्याने हातातली खुर्ची हळूच खाली ठेवली.

"अजून तीन दिवस थांबला असतात तर," तो म्हणाला, "शनिवार-रविवार तरी पदरात पडला असता."

"चार दिवस थांबलोच आहोत," मालकीणबाई म्हणाल्या.

मास्तर वरच्या खिडकीत आले होते. खाली काय चालले आहे हे त्यांना कळत नव्हते. ते हसून हात हलवत होते आणि खाली यायला निघालेच होते. जवळ जाता येत नव्हते, ओरडून उपयोग नव्हता. तेव्हा मालकीणबाईंनी बेकरीवाल्याचा चौकोन गिरवायचा खडू उचलला, माझ्यावरची चादर ओढून काढली आणि माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले: "खाली येऊ नका. आचारी आजारी आहे."

मास्तरांनी चष्मा लावला. वाचले. त्यांनी आधी आचाऱ्याकडे पाहिले आणि मग आपल्या दोन्ही हातांकडे. नंतर मान डोलावून त्यांनी खिडकी लावून घेतली. अगदी हळू, आवाज होऊ नये अशी.

मित्रांनो, त्यानंतरची शांतता मी कधी विसरणार नाही. साहेब आले, गल्लीवर बंदीचा कागद लागला. वस्तूंना हात लावायला मनाई झाली, म्हणून मी जिथे होते तिथेच राहिले. पावसाची सर आली. माझी पाठ फुगली, पण अक्षरे पुरती गेली नाहीत. दुपारी एखादे मांजर चादरींवरून फिरून जायचे. वरच्या खिडकीत सुरुवातीला दिवा दिसायचा.

सहाव्या दिवशी सकाळी रुग्णवाहिका आमच्या गल्लीत शिरली. आता लांबून नाही, अगदी अंगावर आली. तिच्या वाटेत मी उभे होते. पांढरे अंगरखे घातलेल्या दोघांनी मला ढकलले. मी जड आहे, हे मी आधीच सांगितले. पहिल्यांदा मी हलले नाही. तिसऱ्या धक्क्याला माझा पाय रस्त्याच्या खड्ड्यात अडकून मोडला आणि मी कलंडले. तेवढा वेळ मास्तर दारात हातात छोटी पिशवी घेऊन उभे होते, भिंतीला टेकून, तोंड उघडे ठेवून श्वास घेत. ते स्वतःच्या पायांनी गाडीत चढले.

ते परत आले नाहीत.

आचारी बरा झाला. मालकीणबाईंना नुसती कणकण आली आणि गेली. मास्तरांना आजार कोठून लागला, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. गल्लीत टेबले लागल्यापासून ते औषधांच्या दुकानातही जात, पेपर आणायलाही जात. लोक आचाऱ्याला हे पुन्हा पुन्हा समजावत. तो ऐकून घ्यायचा. होय म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. त्याने माझा पाय स्वतः जोडला. जोड जरा तिरका बसला आहे, पण मला चालतो.

यंदा पुन्हा तसेच दिवस आले आहेत. आजार परत डोके वर काढतो आहे आणि गल्ली पुन्हा बंद करून टेबले मांडायची आहेत. मागच्या आठवड्यात सगळे आमच्याच हॉटेलात जमले, दारे-खिडक्या उघड्या टाकून, माझ्याभोवती. साहेबांनी कागद काढला आणि अट वाचली. तीच अट. एक आजारी, तर सगळी गल्ली बंद.

वर्षभर चारचौघांत तोंड न उघडलेला आचारी उभा राहिला.

"साहेब, मागच्या वेळीही हीच अट होती. मी गप्प बसलो तो माझा दोष, तो मी कोणावर ढकलत नाही. पण ही अट ऐकून उद्या आणखी कोणीतरी गप्प बसेल. इथे बसलेल्यांपैकीच कोणीतरी."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बेकरीवाल्याने रुमालाने कपाळ पुसले. मग तोच म्हणाला की ज्याच्या घरी आजार निघेल, त्याने फक्त आपले दार लावावे, त्याच्या घराची चूल बाकीचे पेटती ठेवतील. मालकीणबाईंनी लगेच होकार दिला, मग इतरांनी दिला. साहेबांनी ते लिहून घेतले. वर विचारतो, म्हणाले.

पत्र अजून आलेले नाही. अडथळे मात्र कालच आले आहेत, भिंतीला टेकून ठेवले आहेत. सोमवारी मला पुन्हा बाहेर नेणार आहेत आणि आज सकाळी इथे भाजी द्यायला आलेली बाई दोनदा खोकली. तिने पटकन सगळ्यांकडे पाहिले आणि घशात धूळ गेली म्हणून सांगितले.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. अंगात कसर वाटली तर त्याच घटकेला सांगा. आणि कोणी तुम्हाला असे सांगायला आले, तर कपाळाला आठी घालू नका. त्या आठीच्या भीतीनेच माणसे गप्प बसतात. मी चार दिवस एक माणूस तसा गप्प बसलेला पाहिला आहे.