अव्वाची साक्ष

कृष्णातच्या हाताला यश आहे, असं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये सगळेच म्हणत. बंद पडलेलं मशीन त्याच्यापुढं टाकावं आणि चहाला जावं. परत येईपर्यंत ते फिरायला लागलेलं असे. पण त्याच माणसाला ‘हे आधी संपव, मग ते घे’ म्हटलं की सगळा घोळ. बावीस वर्षांत त्यानं सहा कारखाने बदलले. निरोप देताना सहाही मालक एकच बोलले होते, हात सोन्याचे, पण डोकं जागेवर नाही.

सातवे मालक रघुपती. एका मंगळवारी कृष्णात लेथवर काम लावत होता. तुकडा धरून ठेवणारा चक आवळून झाला, आवळायची चावी अजून त्यातच होती, तेवढ्यात पलीकडच्या ड्रिलचा आवाज बदललेला त्याच्या कानानं टिपला. तो तसाच उठून तिकडं गेला. पाच मिनिटांनी गिरीराज नावाच्या सोबतच्या कामगारानं लेथ सुरू केला आणि चावी सुटून थेट त्याच्या तोंडावर बसली. डोळा वाचला. गालाचं हाड मोडलं.

“प्यायला होतास?” रघुपतींनी विचारलं.

“नाही सर. कधीच घेत नाही.”

“मग झालं काय?”

चावी आधी काढा, हा पहिला धडा नव्या माणसांना कृष्णातच शिकवायचा.

रघुपती म्हणाले, “सरी, ठीक आहे. डोक्याच्या डॉक्टरला दाखवून ये. तोवर मशीनला हात लावायचा नाही.”

सरकारी इस्पितळात डॉक्टर श्यामला भेटल्या. दोन खेपांत त्यांनी शंभर प्रश्न विचारले, आणि तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, “लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कुणी आहे का? त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही.”

होती एकच. निपाणीजवळच्या गावात राहणारी त्याची आई गंगव्वा, त्याची अव्वा. बाहत्तर वर्षांची. ती रातोरात बसनं आली. कावेरीनं, म्हणजे कृष्णातच्या बायकोनं, तिला स्टँडवरून आणलं. ते काम नवऱ्यावर सोपवण्याची चूक ती आता करत नसे.

अव्वाला वाटलं होतं, पोराची नोकरी धोक्यात आहे आणि आपल्याला साक्ष द्यायला बोलावलंय. त्यामुळं डॉक्टरांपुढं बसल्या बसल्या तिनं सुरुवात केली, “माझं पोर सोन्यासारखं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. काय सुदीक तरास न्हाई दिला.”

डॉक्टर हसल्या. “अज्जी, खरं सांगितलंत तरच त्यांना औषध मिळेल.”

अव्वानं पोराकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, आणि मग ती खुलली. ज्वारी दळायला पाठवलं की हा डबा कुठंतरी ठेवून इंजिनाची दुरुस्ती बघत दिवसभर उभा राहायचा. एका पायात चप्पल घालून शाळेत जायचा. पाट्या तर वर्षाला पाच. सांगताना तिला हसू येत होतं, आणि कृष्णातलाही.

“आणि अभ्यास?”

“कुठला अभ्यास. मास्तर मारायचं ते येगळं. घरी ह्याचे वडील गोठ्यातल्या मेढीला बांधून ठेवायचे, पाढे म्हणंस्तोवर. सुटलं की पळालंच.”

डॉक्टरांचा पेन थांबला. मग त्यांनी कन्नडमध्ये, सावकाश, अव्वाला कळेल असं समजावलं. ह्याला एडीएचडी म्हणतात. जन्मापासूनची मेंदूची घडण तशी असते. हा आळस नाही, उनाडपणाही नाही. पोरानं ठरवलं तरी लक्ष एका जागी टिकत नाही.

“म्हंजे मारून काय उपेग नव्हता?”

“नाही, अज्जी.”

“आणि बांधून?”

“नाही.”

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी हे म्हणालं होतं. कृष्णातला एकदम हलकं वाटलं, छातीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसं. हे आईला सांगावं म्हणून तो वळला, तर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

ती मेट्रोत त्याच्या शेजारी बसली. मग म्हणाली, “दोरी मीच आणून द्यायची.”

“काय?”

“ते म्हणायचे, दोरी आण. मी आणायची. एकदा तू म्हणालास, अव्वा, नको आणू, मी बसतो. तरी आणली.”

“मला आठवत नाही, अव्वा.”

“तुला कसं आठवंल? मला आठवतंय.”

आज आपल्याला कुणीतरी जवळ घेईल, असं सकाळपासून त्याला कुठंतरी वाटत होतं. आता आईचीच समजूत घालायला हवी होती. “सोड गं,” तो म्हणाला.

घरी कावेरीनं डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. “गोळ्यांनी बरं होणार का?”

“बरं नाही म्हणाल्या. सांभाळायचं म्हणाल्या.”

“एकोणीस वर्षं मी दुसरं काय करतेय,” ती म्हणाली आणि कागद घडी करून कपाटात ठेवला. भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

अव्वा दोन दिवसांनी निघाली. बसमध्ये चढताना म्हणाली, “रोज सांजेला फोन करशील?” असं तिनं आजवर कधी मागितलं नव्हतं.

“करतो की.”

गोळ्या लागू पडल्या. पहिल्याच आठवड्यात शेडमधला गलका पांगल्यासारखा झाला. एकेक आवाज वेगळा, आणि नको तो मागं राहायला लागला. कृष्णात रघुपतींकडं गेला. “सर, आता मी मशीनवर बसू शकतो.”

“शकत असशील,” रघुपती म्हणाले. “पण गिरीराजची बायको येते आणि विचारते, तो माणूस अजून मशीनवर आहे का? मी तिला काय सांगू?”

त्याला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. खोक्यात बोल्ट भरायचे, पट्टी लावायची. हातांच्या कसबाला काही कामच नव्हतं, आणि डोकं आयुष्यात पहिल्यांदा एका जागी थांबत होतं. पूर्वी दुःखसुद्धा त्याच्याकडं फार वेळ टिकत नसे. आता एकेक गोष्ट येऊन समोर बसे आणि उठत नसे. दहावीचा निकाल. सहा कारखान्यांची सहा फाटकं. पोरगं वाया गेलं म्हणतच गेलेले वडील. हे सगळं वेळेत कुणाला कळलं असतं तर, इथपर्यंत तो रोज यायचा आणि तिथंच अडकायचा.

फोन त्यानं पहिले दहा दिवस नेमानं केला. संध्याकाळी सहाचा गजर लावला होता. पण सहापर्यंत गोळीचा अंमल ओसरत आलेला असे. एका संध्याकाळी गजर वाजला तेव्हा खोकं अर्धं होतं. एवढं संपवून करू म्हणून त्यानं तो बंद केला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग गजर वाजतोय हेसुद्धा त्याला ऐकू येईनासं झालं.

कावेरीच्या फोनवर गावाकडच्या शेजारीणबाई सुलभाक्का बोलल्या तेव्हा त्याच्या शेवटच्या फोनला सतरा दिवस झाले होते. “तुमची सासू चूल पेटवत नाही दोन दिस झाले. पोरगं बोलत नाही म्हणते.”

कावेरीनं फोन त्याच्या हातात दिला. तिकडं सुलभाक्कांनी अव्वाला बोलायला लावलं, आणि तो अंगणात गेला.

“अव्वा, जेवलीस का?”

“जेवीन. तू रागावलास ते बरोबर हाय.”

“राग नाही गं. विसरलो.”

“सतरा दिवस?”

“हो.”

“आईला इतकं कोण विसरतंय का, कृष्णा?” तिचा आवाज दमलेला होता. “दोरी आणली ती मीच. तू सरळ बोल मला. बोललास तर बरं वाटंल.”

डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं ना, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते म्हणता येईना. मेट्रोतली ती गोष्ट या सतरा दिवसांत त्याला रोज आठवली होती. फोन तेवढा आठवला नव्हता. आजाराचं कुठलं आणि रागाचं कुठलं, हे कुणी शपथेवर विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

“शनिवारी येतो,” तो म्हणाला.

“बघ. जमलं तर.”

ती फोन ठेवत नव्हती, आणि तोही. पलीकडं तिच्या श्वासाचा आवाज येत होता. दारातून कावेरी बाहेर आली, त्याच्याकडं पाहिलं, आणि आत जाऊन तिनं त्याच्या मोबाइलवर शनिवारचं तिकीट काढायला घेतलं.