कच्च्या वेलीची गाठ

मेहुणा काचघरात शिरला तोच टाळ्या पिटत. "भावोजी, ताईने मैदान मारलं! एकाही रोपावर गाठ नाही!"

तो रोपांच्या ओळीवर नजर फिरवत राहिला. द्राक्षाच्या या रोपांवर त्याच्या बायकोने आयुष्याची शेवटची वर्षं घातली होती. खोडावर गाठी आणणाऱ्या जिवाणूला एक जंगली वेल दाद देत नसे. त्या वेलीशी तिने गोड फळाच्या नाजूक वेलीचा संकर केला, बी रुजवलं, आणि रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत ती गेली. जंगली वेलीचा गुण कोणत्या रोपात उतरलाय ते बघणं मागे राहिलेल्या नवऱ्याच्या वाट्याला आलं. जिवाणूच्या पाण्यात सुई बुडवायची, खोडाला टोचायची आणि वाट बघायची. गाठ आलेलं रोप जाळायचं. दुसरं बी शिल्लक नव्हतं.

"तोंड का पाडलंय? हसा की जरा! संशोधन केंद्राच्या साहेबांना सांगून येतो."

"थांब."

तो ओळीच्या टोकाला गेला. तिथे एक 'कच्ची', म्हणजे रोगाला हमखास बळी पडणारी, वेल लावायची त्यांची रीत होती. तिला गाठ यायलाच हवी, तरच टोचणी लागली म्हणायचं. त्याने तिच्या खोडावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. म्हणजे टोचणी लागलीच नव्हती.

"मी सुई ज्योतीत धरून शुद्ध केली," तो म्हणाला, "आणि निवायच्या आत बुडवली. दर वेळी हेच केलं असणार. जिवाणू भाजून मेले. पुन्हा टोचायला हवं."

"वेड लागलंय का तुम्हाला? ताईचं नाव होतंय, होऊ द्या ना!"

"पहिल्या तपासणीत डॉक्टर तिलाही 'काही नाही' म्हणाले होते. आपण तिघं हसत घरी आलो होतो."

 मेहुणा सुयांचा डबा घेऊन आला.

खोड मेहुण्याने धरलं, टोचलं त्याने. "निवली का?" "निवू दे." असं करत ओळ संपली.

मग काही आठवडे वाट बघण्यात गेले. रोज सकाळी उठल्या उठल्या तो काचघराचं कुलूप उघडी.

पहिला फुगवटा कच्च्या वेलीवर आला. टोचणी लागली होती. त्याला हायसं वाटलं. मग बायकोच्या रोपांवर एकेक गाठ दिसू लागली. तो उपटायचा, मेहुणा मुकाट्याने जाळायचा. निम्म्याहून जास्त गेली. मधली थोडी मात्र तशीच राहिली. तो रोज त्यांच्यावरून अंगठा फिरवी.

"आता पुरे. साल निघेल त्यांची," मेहुणा एकदा म्हणाला.

त्याने अंगठा काढला. "जा, साहेबांना सांगून ये."

"काय सांगू?"

"आधी सांग, कच्चीला गाठ आली. मग सांग, ताईची थोडी टिकली."