ताईची चार बोटं

अकरा वर्षं मी प्राध्यापकसाहेबांसाठी फुलांचे फोटो काढतोय. पुस्तकं त्यांची, नाव त्यांचं. माझं नाव शेवटच्या पानावरच्या बारीक टाइपातसुद्धा नाही. एका फुलाचे दोन फोटो लागतात. एक साध्या उजेडात, दुसरा अतिनील उजेडात. हा उजेड मधमाशीला दिसतो, आपल्याला नाही. दुसऱ्यासाठी भिंगावर काळी काच चढवायची आणि वीस सेकंद श्वास रोखायचा. नेमका तेव्हाच वारा सुटतो. म्हणून थोरली बहीण फूल धरून बसते. "पाठीचा काटा ढिला झाला रे," हे तिचं रोजचं पालुपद.

आज सकाळी साहेबांचा फोन आला.

"तुमच्या अंगणातल्या पिवळ्या फुलाच्या पाकळीवर चार काळे ठिपके आहेत. फक्त अतिनीलमध्ये दिसतात. आजवर कुणी पाहिले नाहीत. मुखपृष्ठावर घेतोय, खाली तुमचं नाव."

मी खाली बसलो. मग फोटो मोठा करून पाहिला. ठिपके ओळीत, चौथा जरा लहान आणि खाली. करंगळीसारखा.

ताईला उन्हात उभं केलं आणि काळी काच लावून तिचाच फोटो काढला. तोंड, हात, सगळं काळंठिक्कर. त्वचेच्या डॉक्टरांनी हल्लीच दिलेलं उन्हाचं मलम ती रोज थापते. आपल्याला ते दिसत नाही, पण अतिनील उजेड गिळून बसतं, म्हणून फोटोत काळं येतं.

"मेल्या, कोळशाच्या पोत्यातून काढलंस की काय मला?"

"मुखपृष्ठावर तुझी बोटं आहेत, ताई."

"मग माझं नाव टाका की."

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुणाला कळणार आहे?"

अशी माणसं पोरांना विज्ञान शिकवतात.

"मला कळलंय," मी म्हणालो. "त्याच झाडाच्या ताज्या फुलाचा फोटो काढून पाठवतो. ठिपके नसतील."

"मग मुखपृष्ठावर दुसऱ्या कुणाचा तरी फोटो घ्यावा लागेल."

"घ्या."

नाव गेलं. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. बाहेर ताई साबणाने तळहात घासत होती.

"चल, आवर. वारा पडलाय तोवर काढ."

"देठ धर. पाकळीला हात लावू नकोस."

"हे अकरा वर्षांनी सांगतोस होय?" म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून खाली बसली.