‘मूल शांत आहे’

“अगं, सांग ना ताईंना, नाव सांग,” आई तिसऱ्यांदा म्हणाली.

मुलगी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. केस चापूनचोपून विंचरलेले, फ्रॉकला इस्त्री. तोंडाला कुलूप. सहा वर्षांचं पोर असं बसलं की मी सावध होते. लोकांना मात्र गोड वाटतं.

“फाइलमधलं नाव मला माहीत आहे,” मी म्हटलं. “घरी काय म्हणतात?”

तिने आईकडे बघितलं. आईने मान हलवल्यावर पुटपुटली, “बटण.”

आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायची, त्यावरून पडलेलं नाव. याच कारखान्याच्या रात्रपाळीपायी सगळं घडलं होतं. लेकीला झोपवून, बाहेरून कुलूप लावून ती कामाला जायची. एकदा पोर जागं झालं आणि रडून रडून त्याने अख्खी इमारत उठवली. शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि बटण आठ महिने बालगृहात राहिली. आता आईने दिवसपाळी मागून घेतली होती. शेजारच्या मावशी शाळा सुटल्यावर मुलीला सांभाळायला तयार होत्या. त्यांच्याशी मी आधी बोलूनच वर आले होते. पंधरा दिवसांसाठी बटणला घरी पाठवलं होतं, ते आज संपत होते. दुपारी तीनला बालकल्याण समिती बसणार आणि माझा अहवाल वाचून ठरवणार, की मुलगी आईकडे राहणार की परत बालगृहात जाणार.

“पंधरा दिवसांत एकदाही त्रास दिला नाही हो,” आई घाईघाईने म्हणाली. “अगदी शांत आहे.”

नेमका तोच शब्द!

बाई बिचारी चांगलं सांगत होती, पण मला तो शब्द सहन होत नाही. वीस वर्षांपूर्वी, मी या कामात नवी असताना, एका पाच वर्षांच्या मुलाच्या अहवालात मीच लिहिलं होतं : ‘मूल शांत आहे. घरात रुळले आहे.’ तोही असाच बसला होता, हात मांडीवर ठेवून. मी निघाले, मागे दार लागलं आणि आत चिडीचूप. मी जिन्यात मनाशी म्हटलं, किती छान घर आहे! तीन आठवड्यांनी तो दवाखान्यात भेटला, हाताची दोन हाडं मोडलेली. काकाने मोडली होती. प्लास्टर घालतानासुद्धा तो रडला नाही. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, “किती शांत मूल आहे!” मी बाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिले आणि ढसाढसा रडले. पुढे तो संस्थेतच वाढला. त्यानंतर तो शब्द मी कुठल्याही अहवालात लिहिलेला नाही.

“मला जरा पाणी देतेस?” मी बटणला म्हटलं.

ही माझी जुनी खोड. तहान असो नसो, कुठल्याही घरात गेले की मी पाणी मागते आणि ते मुलाकडून मागते. पेला कुठे असतो हे त्याला माहीत आहे का, न विचारता हात लावायची मुभा आहे का, सगळं कळतं.

बटण उठली. आईने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आतून भांड्यांचा आवाज आला आणि ती दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला पेला धरून, जीभ बाहेर काढून, पाऊल पाऊल टाकत आली. माझ्यापर्यंत पोचली आणि सगळा पेला माझ्या फाइलवर!

मी फाइलकडे बघितलं नाही, मुलीकडे बघितलं. मारकुट्या घरातलं मूल अशा वेळी आधी मोठ्या माणसाच्या हाताकडे बघतं.

बटणने आईच्या हाताकडे बघितलं नाही. कमरेवर हात ठेवून थेट तोंडाकडे बघितलं.

“तूच म्हणालीस, गच्च भर! मी म्हटलं होतं ना अर्धाच भरते! तुला काही कळत नाही!”

“बटण! ताईंसमोर असं बोलतात का?”

“बोलणार! तू गप्प बस म्हणालीस म्हणून मी सकाळपासून गप्प बसलेय. माझं तोंड दुखायला लागलं!”

आई पांढरीफटक पडली. पदराने माझी फाइल पुसायला लागली. “ताई, हे लिहू नका हो. पाया पडते. ती अशी नाहीये. रोज असं नाही करत.”

“रोज करते,” बटण म्हणाली.

मला हसू आवरेना. “कशावरून भांडता गं रोज?”

आईने मान खाली घातली. “वेणीवरून. अंघोळीवरून. मी कामाला निघाले की दारात आडवी होते. आता सगळं संपलं ना, ताई?”

तिला तिथेच मिठी मारून सांगावंसं वाटलं, की बाई, तुझ्या पोरीने तुला वाचवलं. पण निर्णय समितीचा असतो, आधी शब्द देता येत नाही. “संध्याकाळपर्यंत कळवते,” एवढंच म्हणून मी ओली फाइल उचलली.

तीन वाजता समितीच्या अध्यक्षांनी चष्मा वर केला. “‘मूल आईशी रोज मोठ्याने भांडते.’ ताई, ही तक्रार आहे की शिफारस?”

“शिफारस आहे, सर.”

“आणि फाइल ओली का?”

मी सगळं सांगितलं. पेला, तोंड दुखणं, दारात आडवं होणं. मग कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते, त्या मुलाचंही सांगितलं. “ही मुलगी आईला भीत नाही, सर. मला एवढंच ठामपणे सांगता येतं.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन अहवाल पुन्हा वाचला. मग दमट कागदावर त्यांनी सही केली. मुलगी आईकडे राहणार होती, केस बंद झाली होती.

फोनवर सांगता आलं असतं, पण मी पुन्हा तीन मजले चढले. बटणने दार बोटभर उघडलं.

“परत आलीस?”

मी सांगितल्यावर आई तिथेच जमिनीवर बसली. बटणने मात्र नीट चौकशी केली.

“म्हणजे आता तू येणार नाहीस?”

“नाही.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

“मग जा,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यात उभी राहिले. आत काहीच आवाज नव्हता. मला माहीत होतं सगळं नीट आहे, तरी मी कान देऊन ऐकत राहिले. मला तिथून हलवेना.

मग आतून आईचं हुंदके देणं ऐकू आलं, आणि त्यावर चढलेला बटणचा आवाज, “आता कशाला रडतेस? ती गेली ना! तुला काही म्हणजे काही कळत नाही!”

“हळू बोल गं, जिन्यात ऐकू जातं!”

“जाऊ दे!”

मी उतरायला लागले. खाली रस्त्यावर येईपर्यंत दोघींचं चालूच होतं.