कुटार भरलेलं रेडकू

बंडूनं कुटार भरलेलं रेडकू म्हशीच्या तोंडापुढं टेकवलं. कातडं तिच्याच मेलेल्या रेडकाचं, आत वाळला भुसा. पोटाची शिवण सुतळीची. म्हशीनं ते हुंगलं, कानामागं चाटलं. बंडू कासेखाली बसला, तशी तिनं लाथ झाडली. बादली भिंतीवर आदळली.

"मावशीचाच हात पायजे इले," गोठ्यावरचा हा गडी कपडे झटकत म्हणाला. "माह्या हाताले धड पान्हा सोडत नाई."

सुभद्रामावशी महिनाभर गोठ्यात आली नव्हती. तिचा एकुलता एक मनोज बडनेऱ्याच्या वळणावर ट्रकखाली गेला, तेव्हापासून ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती.

दामिनी स्टुलावर बसून मोबाइलवर म्हशीचं चित्रण करत होती. अमरावतीला ती प्राण्यांच्या वर्तनावर एमएस्सी करत होती. शनिवार-रविवार अकोल्याच्या एका समुपदेशन केंद्रात शिकायला जायची. पुढं तिला माणसांच्या मनावर उपचार करायचे होते.

मनोजचे वडील भगवंतराव दारात उभे होते.

"काहो डाक्टरीनबाई, हे नकली हाय, एवढंबी कळत नाई काय इले?"

"कळत असेल, काका. पण वास तिच्या बाळाचाच आहे ना. वास आहे तोवर पान्हा सोडेल."

"आन् बाईमानसाचं?"

दामिनीला प्रश्न आवडला.

"आईचं फार वेगळं नसतं," ती म्हणाली.

भगवंतराव घरात गेले.

दुसऱ्या दिवशी दामिनी आली, तेव्हा बंडूच्या अंगात निळ्या चौकड्यांचा सदरा होता. कॉलर मळकी, बगलेत वाळल्या घामाचे पांढरे डाग. बाह्या त्याला लांब होत होत्या.

"मनोजभाऊचा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "काकानं घालाले लावला. म्हने, तिच्यापुढं जाऊन उभा राय, बोलू नको."

"मग?"

"मावशी उठली. कॉलरले नाक लावून उभी राह्यली लय वेळ. मंग मले इचारलं, जेवला काय."

तेवढ्यात सुभद्रामावशी बादली घेऊन आली. केस विंचरलेले. कोणाकडे न पाहता ती कासेखाली बसली. धारा बादलीत वाजू लागल्या.

भगवंतराव दामिनीकडे वाकले.

"किती दिवस टिकन?"

तिनं सदऱ्याकडे नीट पाहिलं.

"धुतला नाही, तर महिना-दीड महिना."

"बंडू," धारा न थांबवता सुभद्रामावशी म्हणाली, "उन्हात उभा नको राहू, बापू. घाम येते तुले. तुह्या घामानं त्याचा वास जाईन."

बंडू सावलीत सरकला.

दामिनीनं स्टूल थोडं वळवलं. रेडकू आणि म्हशीचं तोंड पडद्याबाहेर गेलं. सुभद्रामावशीचा चेहरा मधोमध आला, जरा धूसर. दामिनीनं त्यावर बोट टेकवलं आणि तो स्पष्ट केला.