बफर काकूंनीच केला होता

"एवढंच लिहिलंय, काकू. 'बफर करताना माझ्या हातून चूक झाली.' खाली सही करा, विषय संपला."

सरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. त्यावर पेनही ठेवलं. काकूंनी कागद दोनदा वाचला आणि शेजारी बसलेल्या टॉपरकडे पाहिलं. टॉपर स्वतःच्या नखांकडे बघत होती.

जीवरसायन आणि औषधशास्त्र विभागात काकू चोवीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. पीएचडीला आलेलं प्रत्येक पोर आधी सहा महिने वर्गात बसून समीकरणं घोकायचं आणि मग काकूंच्या टेबलाशी येऊन आयुष्यात पहिल्यांदा पिपेट धरायचं, तेही झाडू धरल्यासारखं. तो हात वळवायचं काम काकूंचं. कोर्सवर्कमध्ये पहिली आलेली म्हणून सगळे जिला टॉपर म्हणत, तिचाही हात त्यांनीच वळवला होता.

त्याच टॉपरचा, सरांच्या मार्गदर्शनाखालचा शोधनिबंध दीड वर्षापूर्वी मोठ्या नियतकालिकात छापून आला. तिचं संयुग एका एन्झाइमचं काम थांबवतं, उद्या त्यातून औषध होईल, असा दावा होता. आता दुसऱ्या एका प्रयोगशाळेने कळवलं होतं की आम्ही चार वेळा करून पाहिलं, काहीही थांबत नाही. खुलासा द्यायचा होता आणि खुलाशासाठी एक माणूस हवा होता.

"पुढच्या महिन्यात हिची तोंडी परीक्षा आहे," सर म्हणाले. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुमचं काय, निवृत्तीला आठ महिने राहिलेत. तुमच्यावर कोण कारवाई करतंय?"

"म्हणजे जाता जाता मी शेण खाल्लं असं लिहून देऊ?"

"भाषा सांभाळा, काकू."

काकू उठल्या आणि कोल्ड रूममध्ये गेल्या. बफर म्हणजे ज्या द्रावणात सगळी चाचणी होते ते. त्याची आम्लता जरा हलली की सगळंच फसतं. म्हणून प्रत्येक खेपेची एक बाटली त्या तारीख घालून सीलबंद ठेवत. "उद्या कुणाच्या नावाने बोंब मारायची ते कळावं," असं हसत सांगत. टॉपरच्या प्रयोगाच्या तारखेची बाटली मागच्या रांगेत सापडली.

परत येऊन त्यांनी सरांसमोर सील फोडलं आणि आम्लता मोजायचा मीटर द्रावणात बुडवला.

"वाचा, सर. मोठ्याने."

आकडा सात पॉइंट चारवर स्थिर होता. हवा होता तेवढाच.

"आता हिने चाचणी करायची. माझ्यासमोर."

"काकू, विभागप्रमुख कोण आहे इथे?"

"तुम्ही. पण हिला पिपेट धरायला मी शिकवलंय. ऊठ गं."

टॉपर उठली. एन्झाइम काम करतं तिथे द्रावण पिवळं होतं; संयुग चाललं असतं तर ते घातलेले, प्लेटच्या उजव्या बाजूचे खळगे फिके राहिले असते. वीस मिनिटांनी अख्खी प्लेट सारखी पिवळीधमक झाली.

"तेव्हा किती प्लेटा केल्या होत्यास?"

"नऊ."

"छापल्यास किती?"

"तीन." टॉपर प्लेटकडे बघत म्हणाली, "बाकीच्या सहा नवशिक्या हाताची चूक म्हणून सोडून दे, असं सर म्हणाले."

"आणि ती चूक आता माझ्या हाताची! संशोधनातला प्रामाणिकपणा हा विषय कोण शिकवतं गं तुम्हाला?"

टॉपरने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

काकूंनी तो कागद ओढून घेतला. छापलेल्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'बफर मीच केला होता. तो बरोबर होता.' सही केली, तारीख घातली, आम्लतेचा आकडाही लिहिला.

दोन महिन्यांनी खुलासा छापून आलाच. 'तांत्रिक कर्मचाऱ्याकडून बफर तयार करताना झालेल्या त्रुटीमुळे.' सहीची गरजच नव्हती. काकूंनी विद्यापीठाला चार पानी पत्र लिहिलं, बफरच्या नोंदवहीच्या प्रती जोडल्या. उत्तर एका ओळीचं आलं. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

"जाऊ दे गं आता," नवरा म्हणाला.

"काय जाऊ दे? चोवीस वर्षं जाऊ देऊ?" त्यांनी पातेलं असं आपटलं की त्याचा काठ चेपला. नवऱ्याने गुपचूप टीव्ही बंद केला.

नव्या मुलांचं प्रशिक्षण त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. उरलेले महिने त्यांना भांडाराच्या खिडकीवर बसवलं. सर येता-जाता "कसं काय काकू?" विचारत. काकू उत्तर देत नसत. एकदाही दिलं नाही.

टॉपर डॉक्टर झाली आणि त्याच विभागात नोकरीला लागली. एका सकाळी ती खिडकीशी येऊन उभी राहिली.

"काकू, हातमोज्यांचा एक डबा हवा होता."

काकूंनी वर न बघता मागच्या फळीवर हात घातला. पांढऱ्या रबरी मोज्यांनी तिच्या मनगटाला पुरळ येतं. त्यांनी निळ्या मोज्यांचा डबा काढला, सगळ्यांत लहान मापाचा, आणि खिडकीतून पुढे ठेवला.

डबा हातात घेऊन टॉपर तशीच उभी राहिली. तिने माप सांगितलंच नव्हतं.

"काकू, मी..."

"बाजूला हो," काकू म्हणाल्या. "मागे माणसं उभी आहेत."